कोंबड्यांच्या वाट्याची गोळी

माझी जीभ पहिल्यापासूनच तिखट. मनात काही नसतं, पण बोलून मोकळी होते. सासूबाईंना त्यांच्या गावाहून, लासूर स्टेशनहून, गारखेड्याला आमच्या घरी आणलं, तेव्हा त्यांच्याबरोबर त्यांच्या कोंबड्याही आल्या. मागच्या अंगणात खुराडं झालं. शिळा भात, शेंगदाण्याची पेंड, वर बाजरी. एवढ्या लाडानं कोंबड्या माजल्या आणि अंडी द्यायच्या थांबल्या.

एक तर बसल्या जागी मेली. जनावरांच्या डॉक्टरांनी ती फाडून दाखवली. कलेजी पिवळी पडलेली, लोण्यासारखी मऊ. "चरबी चढलीय, खाणं कमी करा," ते म्हणाले. घरी येऊन सासूबाई कपाळाला हात लावून बसल्या. त्यांच्याही लिव्हरवर चरबी होती. थायरॉईडमुळं, असं त्यांचे डॉक्टर म्हणायचे; त्याची रोज सकाळी एक गोळी चालू होती.

मी कणीक मळता मळता म्हटलं, "आई, दुखणं एकच दिसतंय. तुमची गोळी द्या की त्यांनाच."

मी हसले. त्या हसल्या का, ते बघितलं नाही.

पुढं उन्हाळ्यात त्यांना थंडी वाजायला लागली. इथल्या वैशाखात अंगात स्वेटर! दिवसभर डुलक्या, चेहरा सुजलेला. "काय ही थेरं," मी म्हणाले, तेही तोंडावर. तिकडं कोंबड्यांची पिसं झडून कातडी दिसायला लागली. सकाळी त्या नुसता कलकलाट करायच्या, तरी सासूबाई अर्धा तास दाणा टाकायच्या नाहीत.

मग पाहुणे आले म्हणून एक कापली. सासूबाई तळहातावर लालबुंद कलेजी घेऊन स्वयंपाकघरात आल्या. "बघ, लई गुण आला तुझ्या औषधाला."

"कोणतं औषध?"

"माझीच गोळी की. रोज पाण्यात कुस्करून देते. तूच म्हणली ना? रिकाम्या पोटी द्यायची असती, म्हणून दाणा उशिरा टाकते."

पाहुण्यांना त्या दिवशी पिठलं मिळालं. सासूबाईंना मी तशीच रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. रक्ताचा रिपोर्ट बघून डॉक्टर भडकले. "आजी, गोळ्या का बंद केल्या? जिवावर बेतलं असतं."

आता माझं नाव निघणार, असं मला वाटलं. सासूबाई म्हणाल्या, "इसरते मी. म्हातारपण हाय."

मी बोलायला पाहिजे होतं. कुणाला म्हणून न सोडणारी ही जीभ तिथं टाळ्याला चिकटली. मी गप्प बसले, आणि त्याची शरम मला अजून वाटते.

डॉक्टर माझ्याकडं बोट दाखवून म्हणाले, "जरा सूनबाईंचं ऐकत जा."

"ऐकते की," त्या म्हणाल्या. "तिचंच ऐकते."