पहिली वेलांटी

सुमनताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी तांदूळ निवडत होते. तिचा मुलगा गुरुग्रामहून बोलत होता. “मावशी, आई गेली सकाळी... झोपेतच.” मी बरं म्हटलं. ताटातले तांदूळ पुरे निवडले, मग उठले. अर्धं टाकून उठलेलं तिला चालायचं नाही. त्याला आता महिना होत आला. पेपरच्या पुरवणीत आईबद्दल काही द्या म्हणून मुलगा मागे लागलाय. माझी शाळा दुसरीत सुटली, म्हणून मी सांगते नि नात लिहून घेते.

ताईची नि माझी गाठ गाझियाबादच्या एका नर्सिंग होमच्या किचनमध्ये पडली. तेव्हा तिकडे शेतं विकून नवे सेक्टर उठत होते. आज सोसायटी, उद्या शोरूम. माझ्या नवऱ्याची फॅक्टरी त्याच दिवसांत बंद झाली. तो घरी बसला, मी बाहेर पडले. ताई तिथे कुक, मी चिरायला नि भांडी घासायला. मराठी आम्ही दोघीच. नर्सिंग होम डॉक्टरचं, पण चालवायची त्याची बायको, तिला सगळे मॅडम म्हणायचे. पुढे संगमरवर, काचेच्या पेटीत मासे, भिंतीवर बोर्ड, ‘घर जैसा शुद्ध भोजन’. हे शुद्ध भोजन शिजायचं मागे जिन्याखाली, जिथे संडासाचा पाइप आमच्या ओट्यावरून जायचा. मॅडम आत आली की नाकाला रुमाल लावायची. आपल्याच किचनमध्ये. मला तेव्हाही हसू यायचं, आताही येतं. एवढी शिकलेली बाई, पण वास येतोय म्हणजे काहीतरी कुजतंय नि ते रुमालानं थांबत नाही, एवढं तिला कळत नव्हतं.

लाइट रोज जायची, कधी चार तास, कधी सहा. जनरेटर होता. त्याची वायर रिसेप्शनच्या एसीला होती, कोल्ड्रिंकच्या नव्या फ्रिजला होती, माशांच्या पेटीलाही होती. किचनच्या फ्रिजला नव्हती. म्हणजे बाटल्या गार, मासे मजेत, नि पेशंटचं दूध नासलेलं. ताईनं तीनदा सांगितलं. मॅडमचं उत्तर ठरलेलं, “सुमन, दरवाज़ा बार-बार मत खोलो, ठंडा रहेगा।” वर उरलेलं फेकायचं नाही हा तिचा कायदा. म्हणे अन्न का अपमान होता है. स्वतःच्या घरी तिनं कधी कालचं खाल्लं असेल असं मला वाटत नाही.

ताईचे कायदे वेगळे होते. हात कोपरापर्यंत धुवायचे. ओट्याचा फडका भांड्याला लावायचा नाही. ताटं वर जायच्या आधी ती प्रत्येक पातेल्यातलं थोडं तळहातावर घ्यायची, वास घ्यायची, चाखायची, नि पुन्हा हात धुवायची. मी एकदा म्हटलं, ताई, रोज रोज काय. तर म्हणाली, “पडलेला माणूस पुढे येईल ते गिळतो गं, कुसुम. नको म्हणायचं काम आपलं.” फेकायची बंदी, म्हणून तिनं चिठ्ठ्या काढल्या. औषध कंपन्यांची माणसं फुकट पॅडं देऊन जायची, त्यातला कागद घ्यायचा नि जखमेच्या चिकटपट्टीनं डब्यावर लावायचा. ‘शिळा भात’. ‘शिळी डाळ’. मॅडमला मराठी येत नव्हती. तिला वाटायचं, बायकांनी नीट जपून ठेवलंय. संध्याकाळी तिची गाडी गेली की आम्ही डबे कचराकुंडीत उपडे करायचो.

चिठ्ठ्या लिहायचं काम ताईनं माझ्याकडे दिलं. माझी अक्षरं पुसून गेली होती, ती तिनं याच कागदांवर पुन्हा गिरवून घेतली. माझी वेलांटी नेहमी चुकायची. “पहिली काढ, कुसुम, पहिली. दुसरी काढलीस की शी होते, नि ती या किचनमध्ये आधीच भरपूर आहे.” आम्ही तोंडाला पदर लावून हसायचो. हसायला तिथे दुसरं काही नव्हतं.

एका जूनमध्ये सकाळपासून लाइट नव्हती. आदल्या रात्रीच्या जेवणातला उरलेला भात फ्रिजमध्ये होता, डबा हाताला कोमट लागला. ताई दुधासाठी बाहेर गेलेली. मी घाईत चिठ्ठी लावली नि मागे पातेली घासायला बसले. तेवढ्यात रामरती आया आत येऊन गेली. पन्नाशीची बाई, बिहारची. त्यांच्याकडेही भाताला भातच म्हणतात. ळ तिला ओळखीचा नाही, तिच्या लेखी तो वाकडातिकडा ल. आणि मी काढली होती दुसरी वेलांटी... ‘शीळा भात’. वर सात नंबरला पित्ताशयाचं ऑपरेशन झालेली बाई होती, तिचं नाव शीला. रामरतीनं वाचलं, शीला का भात. जरा गरम केला, दही घातलं, वर नेऊन दिला. बिचारी चांगलं करायला गेली.

दुपारपर्यंत शीलाबाईला उलट्या. ओकून ओकून दोन टाके उसवले. वाचली ती, पण तिची माणसं रिसेप्शनमध्ये आरडाओरडा करायला लागली. मॅडमनं आम्हा तिघींना माशांच्या पेटीसमोर उभं केलं. चिठ्ठी तिच्या हातात. “ये किसने लिखा?” फ्रिज बंद का होता, हे कुणी विचारलं नाही. डॉक्टर घड्याळ बघत उभा होता, जसं काही बस चुकणार होती त्याची. मी तोंड उघडलं... खरंच उघडलं होतं. पण घरी नवरा भिंतीकडे तोंड करून बसलेला, दोन पोरं शाळेत. तोंड मिटलं. ताईनं माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाली, “मैंने लिखा, मैडम। मराठी में बासी को शिळा बोलते हैं।”

“तो हिंदी में लिखना था ना। अनपढ़ लोग।”

ताई मॅट्रिक होती. त्याच संध्याकाळी तिला काढलं.

मी तिथे पुढे नऊ वर्षं राहिले. ताईच्या जागेवर, कुक म्हणून. तेही सांगते, लपवत नाही. आमच्या डोक्यावर टोप्या आल्या, हातात रबरी मोजे आले, मॅडमनं त्यात आमचे फोटो काढून पुढे लावले. मोजे एकदाच आले. ते धुऊन दोरीवर वाळत घालायचे नि फाटेपर्यंत वापरायचे. फ्रिजला जनरेटरची वायर काही आली नाही. उरलेलं मी त्याच दिवशी टाकायचे, मॅडम समोर असली तरी. ती बोलायची, मी ऐकायचे, नि डबा उपडा करायचे. काढून टाकशील तर टाक, एवढीच तिची किंमत उरली होती माझ्या मनात.

तिला काढलं त्याच वर्षी दिवाळीला ताईकडे गेले. ती ऑफिसातल्या मुलांचे डबे करायला लागली होती. उंबऱ्यातच म्हटलं, “ताई, चिठ्ठी माझी होती.”

“माहितीय. शि ला दुसरी वेलांटी काढणारी अख्ख्या दिल्लीत तू एकटीच.” करंज्यांचं ताट पुढे सरकवलं नि म्हणाली, “खा. ताज्या आहेत.” पुन्हा कधी तो विषय नाही. शिवी दिली असती तर मला सोपं गेलं असतं.

तेराव्याला गुरुग्रामला गेले. चौदावा मजला. तिची सून पंजाबी, पोरगी चांगली आहे. फ्रिज उघडून तिनं मागचा स्टीलचा डबा काढला. “मौसी, ये मम्मीजी का है। बासी तो समझ गई, ऊपर क्या लिखा है?” कागद, वर तीच पांढरी चिकटपट्टी. वर ‘शिळा भात’, खाली हिंदीत ‘बासी. मत खाना’. त्या जूननंतर ती दोन्ही भाषांत लिहायची, मला ठाऊक नव्हतं. आत भात हिरवा झाला होता. पण इतक्या दिवसांत घरात कुणी हात लावला नव्हता. मी तो टाकला, डबा घासला, सुनेला विचारून घरी घेऊन आले.

आता हे लिहिताना नात पुन्हा विचारतेय, “आजी, शिळा को कौन सी वेलांटी?” तिला शिळं म्हणजे काय हेही सांगावं लागलं. पहिली, म्हटलं. पहिली काढ... आणि खाली बासी लिही.