धुरपताबाईंच्या चक्कीवरचा वर्दी

सिहोऱ्यात धुरपताबाईंची पिठाची चक्की आहे. ती सुरू झाली की माणसाला स्वतःचं बोलणंही ऐकू येत नाही. भजनं, लग्नातली गाणी, झाडीपट्टीची नाटकं, सगळं त्यांनी मोबाइलवर लावून पाहिलं; चक्कीने सगळं गिळलं. एकदा नाटक संपलं, पण हात पिठाने भरलेले, म्हणून मोबाइल बंद करायचा राहिला. त्याने आपल्या मनाने पुढचं काहीतरी लावलं आणि त्या घरघरीवरून एका बाईचा आवाज थेट कानात शिरला. चक्कीवर मात करणारं माणूस धुरपताबाईंनी पहिल्यांदाच ऐकलं.

त्यांची मुलगी रुपा भंडाऱ्याला नर्स आहे. तिने शोधून फोनवर सांगितलं, "आई, हा इटलीचा व्हर्डी हाय. दीडशे वर्षांआधीचा. याच्या नाटकात कोणी बोलतच नाई, सारं गाऊनच सांगतेत."

व्हर्डीचा त्यांच्या तोंडी वर्दी झाला. अर्ध्या गावाला वाटे, हा कोणी गाणारा पोलीस असावा.

रुपाने एकेक गोष्ट समजावून सांगितली आणि धुरपताबाईंच्या आवडीची तीन नाटकं ठरली. परकी नावं जिभेवर बसेनात, म्हणून नावं त्यांनीच ठेवली. खोकलेवाली म्हणजे क्षयाने मरायला टेकलेली नायिका. "छातीत दम नाई, पण गाते तं वरठीपर्यंत ऐकू जाईन," हे त्या कौतुकाने सांगत. भुयारवालीत प्रेमी जोडपं जमिनीखाली कोंडून मरतं. त्यांचे यजमान केवळराम चिखल्याच्या मँगनीजच्या खाणीतून रिटायर झालेले. त्यांना हे मुळीच पटत नसे.

"हवा नाई तिथं गाऊन कायले राहिले? गप पडून राहावं, कोणी तरी काढाले येते."

असं म्हणत, पण दर वेळी शेवटपर्यंत बसून राहत.

सगळ्यांत लाडकी गोणीवाली. एका सोमवारी तीच लागली होती. शकुनबाईंचे गहू आणि मंदाबाईंची चण्याची डाळ दळून झाली, तेवढ्यात लाइन गेली. चक्की थांबली, मोबाइल चालूच होता.

"हा माणूस काहून असा ओरडून राहिला?" शकुनबाईंनी विचारलं.

धुरपताबाई रंगात आल्या. "पोरीले फसवलं म्हणून बापानं त्या राजाले माराची सुपारी देल्ली. मारेकऱ्यानं गोणी आणून देल्ली. बाप गोणी ओढत नदीकडे चालला, अन् दुरून त्याच राजाचं गाणं ऐकू आलं."

"म्हणजे तो जित्ताच?"

"जित्ताच."

"मंग गोणीत कोण हाय?"

तेवढ्यात शकुनबाईंना घरून फोन आला: साकोलीचे जावई येऊन बसले आहेत. हाताला लागली ती पिशवी उचलून त्या धावतच निघाल्या.

घरी पुरण तयार होतं. पोळ्यांसाठी कणीक भिजवायला पिशवी सोडली, तर आत बेसन.

दुपारी शकुनबाई पिशवी घेऊन तणतणत चक्कीवर आल्या. "तुमच्या त्या पोलिसापायी माह्या जावयाले पिठलं-भात खाऊ घालावा लागला."

"काय म्हणाले जावई?"

"काय म्हणतीन? दोनदा मागून खाल्लं." राग उतरू नये म्हणून शकुनबाई थोडा वेळ उभ्याच राहिल्या. मग पोत्यावर टेकल्या. "सांगा आता. कोण होतं गोणीत?"

"त्याचीच पोरगी."

शकुनबाईंनी पदर डोळ्यांना लावला. म्हणाल्या, "गोणी हातात आली तवाच सोडून पाहाले नोको का त्यानं?"

"तुमी पाह्यली होती?"

यावर शकुनबाई आधी रुसल्या, मग हसल्या. मंदाबाईंकडून त्यांची कणीक मात्र परत आली नाही. तिच्या पोळ्या होऊन गेल्या होत्या.

आता शकुनबाईंचा हट्ट असा, की वर्दीचं एखादं हसरं नाटक लावा. रुपाने सांगितलं, आयुष्यभर माणसं मारून ऐंशीच्या घरात आल्यावर त्याने एक विनोदी नाटक केलं. त्यात एका लठ्ठ, बाईलवेड्या म्हाताऱ्याला बायका मळक्या कपड्यांच्या टोपलीत कोंबून नदीत फेकून देतात.

"मरते का तो?" केवळरामांनी विचारलं.

"नाई. भिजून घरी येते," धुरपताबाई म्हणाल्या.

केवळरामांनी खुर्ची मोबाइलजवळ ओढली. "मंग लाव बापा. हे काही तरी पटण्यासारखं हाय."