पेरूतल्या अळ्या

ऐंशीच्या दशकात वडिलांची रेल्वेतली बदली जयपूरला झाली आणि मी तिथल्या एका प्रयोगशाळेत फळमाश्यांवर काम करू लागले. किरणांनी निर्बीज केलेले नर साध्या नर-माद्यांच्या पिंजऱ्यात सोडले की माद्यांच्या अंड्यांतून अळ्या निघणार नाहीत, अशी आमची आशा होती. एके सकाळी माद्यांनी अंडी घालावीत म्हणून पिंजऱ्यात ठेवलेला पेरू कापला, तर आत अळ्या वळवळत होत्या. त्या आंबूस वासाने मी नाकाला रुमाल लावला. निर्बीज नरांनंतर माद्या पिंजऱ्यातल्या धडधाकट नरांकडेही गेल्या होत्या.

"औरत जात है, एक से मन कहाँ भरता है!" प्रयोगशाळेचे प्रमुख असलेले सर हसत म्हणाले.

अळ्यांपेक्षा त्या हसण्याची मला जास्त किळस आली.

"सर, कमज़ोरी तो नरों की निकली," मी म्हटलं. वहीतही तसंच लिहिलं: किरणांनी नर दुबळे झाले, म्हणून माद्या दुसऱ्या नरांकडे जातात. दुपारी डबा मात्र उघडवला नाही.