अकिलाभाभीचे लाल पट्टे

कासुर्डी मागं टाकून सोलापूरच्या अंगानं निघालं की हायवेला लागून आमचं गाव येतं. नाव सांगत नाही. सांगितलं तर गावातली चार वजनदार माणसं नाराज होतील आणि शेजारच्या गावांना फुकटचा आनंद होईल. इथल्या ग्रामपंचायतीत मी बावीस वर्षं क्लार्क होतो. सरपंच जे बोलले ते शुद्ध मराठीत आणून ठरावाच्या वहीत उतरवायचं, हे माझं काम. माणसं मला ज्ञानूभाऊ म्हणतात.

अकिलाभाभी म्हणजे आमच्या सिद्दीक कुशनवाल्याची बायको. माहेर शिरूरचं. वडील टांगेवाले. त्यांच्याकडं चाबूक होता, पण तो टांग्याची शोभा म्हणून. घोड्याला त्याचा उपयोग काय हे शेवटपर्यंत कळलं नाही म्हणे. एकोणनव्वद साली लग्न होऊन ती इथं आली. सिद्दीकभाई ट्रकच्या सीटा शिवायचा, ती शेजारी बसून शिकली, आणि पाच-सहा वर्षांत ड्रायव्हर लोक सिद्दीकला बाजूला सारून "भाभी हैं क्या?" विचारायला लागले. लाल रेक्झिनवर पांढऱ्या दोऱ्यानं ट्रकमालकाचं नाव असं घालायची, की मालकाला स्वतःबद्दल आदर वाटावा. सिद्दीकभाई फार बोलायचा नाही. बोलायची गरजही पडत नसे, तेवढी सोय घरात होती.

शहाण्णवच्या उन्हाळ्यातली गोष्ट. रस्त्यापलीकडं जयसिंगरावांचं हॉटेल होतं. भज्यांच्या वासानं दोन-चार कुत्री तिथं घुटमळायची. एका गिऱ्हाईकानं नाक मुरडलं, तसे जयसिंगराव उठले आणि कढईतलं उकळतं तेल झाऱ्यानं घेऊन एका कुत्र्याच्या पाठीवर टाकलं. स्वतःच्या हातानं. महत्त्वाची कामं ते नोकरांवर सोपवत नसत. चार टेबलांवर माणसं होती. त्यात मीही होतो. सगळ्यांनी भजी संपवली.

कुत्रं किंचाळत रस्ता ओलांडून गेलं आणि भाभीच्या दुकानापुढं उभ्या असलेल्या ट्रकखाली शिरलं. भाभी वर केबिनमध्ये सीटचं माप घेत होती. ती खाली उतरली, सीटचा नवा स्पंज हौदात बुडवून आणला आणि ट्रकखाली आडवी होऊन त्याच्या पाठीवर धरून बसली. तास-दीड तास सिद्दीकभाई बादल्या आणून देत होता. उत्तर प्रदेशचा ड्रायव्हर बिचारा गाडी हलवू शकेना. त्यानं शेवटी तिथंच स्टोव्ह पेटवून डाळ शिजवली.

मग ती कुत्र्याला पोत्यात घालून गुरांच्या दवाखान्यात गेली. तिथले डॉक्टर गाई-बैलांचे. कुत्रा पाहून त्यांनी चष्मा काढला.

"दूध देतं का हे?"

"न्हाई."

"औत ओढतं?"

"न्हाई."

"मग मी काय करू बाई याचं?"

"तुमी तरी यातलं काय करता, डॉक्टरसाहेब? तरी सरकार तुमाला सांभाळतंयच की."

डॉक्टर माणूस चांगला होता, म्हणजे हसला. गाईच्या भाजलेल्या कासेला लावायचं मलम त्यानं दिलं आणि कागदावर तसंच लिहिलं. सरकारदरबारी त्या दिवशी आमच्या गावात एक गाय वाढली. ती नर होती, एवढाच फरक.

कुत्रं जगलं. पाठीवर केस मात्र पुन्हा आले नाहीत. पुढं ते हॉटेलच्या मागच्या अंगाला राहायला लागलं, कारण कुत्र्यांना अपमान लक्षात ठेवायची माणसासारखी शिस्त नसते.

त्यानंतर लोकांना भाभीचं दुकान सापडलं. गळ्यात तार आवळलेलं कुत्रं, दिवाळीत शेपटीला फटाक्यांची माळ बांधलेली कुत्री, ट्रकनं पाय नेलेलं पिल्लू. आमच्या गावाची करमणुकीची साधनं मर्यादित होती. डॉक्टर संध्याकाळी स्कूटरवर येऊन सुई टोचायचे आणि टाके भाभीला घालायला सांगायचे. कुशन शिवायची तिची वाकडी सुई उकळून घेतली की तिच्याइतका सरळ टाका कुणाचाच पडत नसे. दुकानामागं एका भंगार एसटीचा सांगाडा पडला होता. कुत्री त्यात राहायची.

आता एवढ्यावर गाव गप्प बसतं तर ते गाव कसलं. मुसलमान आळीतली मंडळी सिद्दीककडं आली, की घरात कुत्रं म्हणजे नमाजाचं काय? आमच्याकडची मंडळी पंचायतीत आली, की हायवेवर कुत्री गोळा होतात, गावाची शोभा जाते. शेवटी दोन्हीकडचे लोक एकाच चावडीवर, एकाच सतरंजीवर बसले. गावात हिंदू-मुसलमान ऐक्याची तेवढी मोठी सभा त्याआधी झाली नव्हती, नंतरही नाही. सिद्दीकभाई दौंडला जाऊन एका वयस्कर मौलवींना विचारून आला. तो एवढंच म्हणाला, "घरात नको, पर दारात पाणी पाजायला कुनाची मनाई न्हाई. उलट पुण्य हाय म्हनले." भाभीनं नमाजाचे कपडे वेगळ्या पेटीत ठेवले, हातपाय धुऊनच उंबरा ओलांडायचा नेम केला आणि एसटीत एक घमेलं वाढवलं. ऐक्य तिथंच संपलं.

मग दोन हजार दोन उजाडलं. गावागावांत स्वच्छतेची स्पर्धा लागली होती. जयसिंगराव एव्हाना सरपंच झाले होते. तपासणीची समिती यायची म्हणून आम्ही उकिरडे झाकले, शाळेला रंग दिला, ज्या भिंतींवर लोक लघवीला उभे राहत त्यांवर सुविचार लिहिले. राहता राहिली कुत्री. सभा भरली आणि जयसिंगराव म्हणाले, "त्यांना औषध घालून टाका." मी वहीत लिहिलं: "गावातील मोकाट व बेवारस कुत्र्यांचा योग्य तो बंदोबस्त करण्यात यावा. सर्वानुमते मंजूर." मारणे हा शब्द माझ्या वहीत बावीस वर्षांत कधी आला नाही.

खरं तर आदल्या वर्षाअखेर दिल्लीचे नवे नियम निघाले होते. भटकी कुत्री मारायची नाहीत, नसबंदी करून परत सोडायची. त्याचं परिपत्रक मला आलं होतं. मी ते फायलीत इतकं व्यवस्थित लावलं होतं, की कुणाच्या हाती लागू नये.

भज्यांत औषध भरून वाटायचं काम पंचायतीची झाडूवाली झुंबरबाई हिच्याकडं दिलं. ती "बरं" म्हणाली आणि थेट भाभीकडं गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी भाभी माझ्या टेबलासमोर उभी.

"भाऊ, ठराव झाला म्हनं. वाचून दाखवा."

मी वाचला.

"बेवारस म्हंजी?"

"ज्याला मालक नाही ते."

"आन् मालक असला तर?"

"तर ते या ठरावात बसत नाही."

"मालक हाय हे कळतं कशावरून?"

"गळ्यात पट्टा असला की समजायचं," मी म्हणालो. नोकरीत मी दिलेला हा एकमेव उपयोगी सल्ला, आणि तोही न समजता दिला.

मग मीच उठलो, फाईल काढली आणि परिपत्रकाची नक्कल तिच्या हातात दिली. दार लावून दिली, हेही सांगायला हवं. ती ते घेऊन पोलीस चौकीत गेली. हवालदारानं ते उलटसुलट पाहिलं आणि विचारलं, "फिर्यादी कोण लिहू? कुत्र्याचं नाव सांगा, वडलांचं सांगा." चौकी बराच वेळ हसली. भाभीनं कागदाची घडी घातली आणि दुकानात येऊन मशीनवर बसली.

चार दिवस तिनं ट्रकचं काम घेतलं नाही. उरल्यासुरल्या लाल रेक्झिनचे पट्टे कापले, आतून कापडाचं अस्तर लावलं. पण नाव कुणाचं घालायचं? त्यासाठी ती आणि झुंबरबाई घरोघर फिरल्या. पुढच्या दारात पुरुष भेटले. एकाचंही कुत्रं नव्हतं. कोंडिबा आप्पा म्हणाले, "आमच्या दारात कुत्रं? नाव काढू नगंस." त्यांचं काळं कुत्रं त्या वेळी त्यांच्याच पायावर डोकं टेकून झोपलं होतं.

आतून त्यांची बायको साखरबाई बोलली, "मग रोज सकाळच्याला चतकोर भाकर कुनाला टाकता? मला?"

पट्ट्यावर कोंडिबा असं नाव आलं. दोघींना मग रीत कळली. त्या मागच्या दारानं जायला लागल्या. मागच्या दारी प्रत्येक घराचं एक कुत्रं निघालं. चार दिवसांत सत्तावीस पट्टे झाले.

उरलं ते भाजलेल्या पाठीचं. त्याला हॉटेलमागं रोज कोण वाढतं हे झुंबरबाईला ठाऊक होतं. सरपंचांची आई, शेवंताबाई. म्हातारी भाभीला म्हणाली, "याच्या पाठीला काय झालं ग? आमचा जयसिंग म्हनला, ट्रकमधलं गरम पानी सांडलं."

भाभीनं झालं ते सांगितलं. आवाज न चढवता, शिलाई सांगावी तसं. म्हातारी कुत्र्याच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिली.

"त्याचंच नाव घाल," ती म्हणाली. "माझ्या पोराच्या नावावर येवडा तरी जीव राहू दे."

झुंबरबाईनं औषध वाटायला नकार दिला, तेव्हा जयसिंगरावांनी बाहेरून दोन माणसं आणली. ती दोघं औषधाच्या भज्यांची पिशवी घेऊन सकाळी गावभर हिंडली आणि परत कार्यालयात आली. म्हणाली, सगळ्यांच्या गळ्यात पट्टे आहेत. जयसिंगरावांनी माझ्याकडं पाहिलं. मी ठराव मोठ्यानं वाचला आणि बेवारस या शब्दावर थांबलो. ते तरातरा बाहेर पडले. हॉटेलच्या पायरीवर ते कुत्रं बसलं होतं, गळ्यात पांढऱ्या अक्षरांत जयसिंग.

"हे कुनाचं काम?"

दारातून आईचा आवाज आला, "माझं."

जयसिंगराव आत गेले. बाहेर आले तेव्हा त्यांनी चहा मागवला.

इथं संपलं असतं तर बरं झालं असतं. पण कालव्याच्या मोरीत एक पिवळी कुत्री होती. ती माणसाला जवळ येऊ द्यायची नाही, म्हणून तिच्या गळ्यात पट्टा पडला नव्हता. आणलेल्या दोघा माणसांनी परत जाताना पिशवी तिच्यापुढं रिकामी केली. घेतलेलं काम अर्धवट सोडणारी माणसं नव्हती ती. दुपारी भाभीला कळलं. कुत्री मोरीच्या तोंडाशी पडली होती, दोन पिल्लं तिच्या कडेला, तिसरं अजून तिला लुचत होतं. तेवढं जगलं.

संध्याकाळी मी दुकानात गेलो. सिद्दीकभाई मागं खड्डा बुजवत होता. मशीन बंद होती. भाभीनं पिल्लाला कापसाचा बोळा दुधात बुडवून दिला आणि माझ्याकडं न बघता विचारलं, "भाऊ, बंदोबस्त झाला का?"



दोन दिवसांनी समिती आली. मोठे साहेब गाडीतून उतरले तेव्हा समोरून चार कुत्री लाल पट्टे घालून शिस्तीत चालली होती. साहेबांनी विचारलं, "हे काय?" जयसिंगरावांनी क्षणभरही वेळ घेतला नाही. "लोकसहभाग, साहेब. आमच्या गावात बेवारस कुत्रं न्हाई. प्रत्येक जीव दत्तक." साहेब भारावले, वहीत लिहून घेतलं. नंतर सत्कार झाला, प्रशस्तिपत्र मिळालं, जयसिंगराव भूतदयेवर पाऊण तास बोलले. भाभीला बोलावणं नव्हतं. खुर्च्या कमी पडत होत्या, असं मला लिहायला सांगण्यात आलं.

मला वाटलं भाभी चिडेल. ती चिडली नाही. आठवड्याभरानं सरपंचांच्या दारात गेली आणि म्हणाली, "साहेबांनी लिहून नेलंय. आता दत्तक घेतलेल्यांना लस टोचली का, नसबंदी केली का, म्हनून इचारत्याल. तवा काय सांगनार?" जयसिंगरावांनी डॉक्टरांना बोलावून लसीचं शिबिर लावलं. पुढच्या वर्षी पुण्याहून पथक आणून नसबंदीही करवली. फलकावर नाव त्यांचंच होतं. भाभी कुत्री धरून बसली होती, तिला फलक वाचायला सवड नव्हती.

तिची कीर्ती पसरली ती अशी, की आसपासच्या गावांतली माणसं भल्या पहाटे मोटारसायकलवर येऊन जखमी कुत्री तिच्या दारात सोडून पळायची. ती मोटारसायकलमागं शिव्या घालत थोडं पळायची आणि मग कुत्रं उचलायची. हायवे रुंद झाला तेव्हा दुकान वीस फूट मागं गेलं, एसटीचा सांगाडा भंगारात गेला. सिद्दीकभाईनं न बोलता पत्र्याची शेड उभी केली.

दोन हजार सातच्या पावसाळ्यानंतर एक दिवस जयसिंगरावांची जीप त्या शेडपुढं थांबली. सरपंचपद गेलेलं, सोबत कुणी नाही. हातात एक कुत्रं होतं, त्यांच्याच जीपखाली आलेलं. मी दुकानात बसलो होतो, ते त्यांनी पाहिलं नाही.

"भाभी, जरा बघता का?"

"ठेवा फळीवर. आन् मागचे पाय धरा. घट्ट."

त्यांनी धरले. भाभी आणि बोलावून आणलेले डॉक्टर तासभर राबले. जयसिंगरावांचा पांढरा शर्ट कोपरापर्यंत भरला. कुत्रं काही वाचलं नाही. त्याचा जीव गेल्यावरही जयसिंगरावांनी पाय सोडले नव्हते, भाभीला बोटं सोडवावी लागली.

दुसऱ्या दिवशी चौकात कुणीतरी विचारलं, तर जयसिंगराव म्हणाले, काल दौंडला मीटिंगला गेलो होतो. मी भाभीला हे सांगितलं. ती सुईत दोरा ओवत होती.

"व्हय," ती म्हणाली. "मीटिंगच व्हती. जरा लांबली."