दहाव्या दिवशीची आंघोळ

दिवेआगरला आमची नारळी-पोफळीची वाडी आहे आणि वाडीतच पाहुण्यांसाठी चार खोल्या. राखणीला एक काळी कुत्री. गेल्या बाळंतपणात ती मरता मरता वाचली. पिल्लू आडवं अडकलं होतं. श्रीवर्धनच्या गुरांच्या डॉक्टरांनी पोट उघडून ते काढलं आणि मला बजावलं, "पुन्हा गाभण राहिली तर बाळंतपणात जाईल ही. अंगात जरा रक्त भरू दे, मग पिशवी काढून टाकू."

पाहुण्यांच्या गर्दीत मी आज नेते, उद्या नेते करत राहिले आणि कुत्री माजावर आली. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, आत्ता कापलं तर रक्त फार जाईल, माज सरेपर्यंत कोंडून ठेवा. किती दिवस, ते मी विचारलं नाही. विचारायचं काय त्यात? दिवस मोजण्यात आमचं घर पटाईत.

सासूबाईंनी कुत्रीच्या शेपटीखाली एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "कावळा शिवलाय तिला. घरात न्हाय यायचं." सुपारीच्या खोलीत तिची रवानगी झाली. वेगळी थाळी, वेगळं गोणपाट. लग्न होऊन आले तेव्हा त्याच खोलीत मी महिन्याचे चार दिवस काढायचे, त्यामुळे मला त्यात काही नवल वाटलं नाही.

फाटकापाशी गावातले सगळे कुत्रे जमले. मेल्यांना दुसरा उद्योग नव्हता. मी काठी घेऊन दिवसातून दहा वेळा हाकलायची आणि ते दहा वेळा परत यायचे. गंमत म्हणजे त्यातला एक कुंपणातून आत घुसला तेव्हा आमच्या बाईने दारातूनच त्याच्यावर असे दात विचकले की तो शेपूट घालून पळाला. मला बरं वाटलं. म्हटलं, हिला स्वतःलाच नको आहे, मग काळजी कसली?

चौथा दिवस गेला, पाचवा गेला, गोणपाटावरचे डाग काही थांबेनात. सासूबाई रोज सकाळी बघायच्या आणि मान हलवायच्या. दहाव्या दिवशी गोणपाट जवळपास कोरं होतं, फिकट पाण्यासारखं काहीतरी तेवढं लागलं होतं. "झाली मोकळी," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी बंबात पाणी तापवलं, शिकेकाई काढली, कुत्रीला आंघोळ घातली, खोलीत गोमूत्र शिंपडलं. "सोड गो तिला आता. किती दिवस डांबशील बिचारीला?"

मी साखळी काढली.

दुपारी पाहुण्यांना जेवायला वाढत होते. त्यांच्यातली एक छोटी मुलगी धावत आली, म्हणाली, विहिरीपाशी दोन कुत्रे पाठीला पाठ लावून उभे आहेत. माझ्या हातातला डाव खाली पडला. मी पाण्याची बादली घेऊन धावले, ओतली, ओरडले. काही उपयोग झाला नाही. बंदरावरचा तो लंगडा तांबडा कुत्रा, दहा दिवस मी ज्याला हाकलत होते तोच. आणि आमची दात विचकणारी बाई शांत उभी.

मी डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "अहो, रक्त जातं तेव्हा ती कुत्र्याला जवळ करत नाही. ते कमी होऊन पाण्यासारखं झालं की मग घेते. धरायचे दिवस तिथून सुरू होतात, आणखी आठ-दहा दिवस. तीन आठवडे कोंडायचं असतं. तुम्ही बरोबर नको त्या दिवशी सोडलीत." माज उतरल्यावर, तीन आठवड्यांनी आणा, म्हणाले. पोटात काही असलं तरी पिशवीसकट काढू, पण धोका आहे, हे सांगून ठेवतो.

ते तीन आठवडे मी सासूबाईंशी धड बोलले नाही. राग नुसता नाकावर. तुमचं सोवळं, तुमची शिकेकाई, असं सगळं जिभेवर तयार होतं. त्यांनाही ते कळत होतं. त्या निमूटपणे कुत्रीला भातात अंडं कालवून घालायच्या.

ऑपरेशनला दोन तास लागले. पिशवीत पाच होती, बोराएवढी. कुत्री वाचली. रिक्षातून मांडीवर घेऊन आले तेव्हा मी रडत होते आणि रिक्षावाला आरसा बघायचं टाळत होता.

तिला सुपारीच्या खोलीकडे न्यायला लागले तर सासूबाई आडव्या आल्या. "थंडी हाय तिथं. आत आण." त्यांनी स्वयंपाकघरात, चुलीच्या शेजारी आपलं जुनं लुगडं चौघडी करून अंथरलं. त्या चुलीपाशी महिन्याच्या चार दिवसांत मला कधी पाऊल टाकू दिलं नव्हतं. कुत्री लवंडली. टाक्यांतून थोडं रक्त आलं, लुगड्याला लागलं, तिथून खाली जमिनीवर. मी फडकं आणायला उठले.

"राहू दे," सासूबाई म्हणाल्या. त्या तिथेच बसून तिचं डोकं थोपटत होत्या. "मीच मोजले गो दिवस."

तीन आठवडे जपून ठेवलेलं उत्तर तोंडाशी आलं होतं. त्यांनी आपल्या पदराने टाक्यांवरचं रक्त टिपलं.

"साखळी मी काढली, आई," मी म्हटलं आणि त्यांच्या शेजारी बसले.