वेण्यांचं सर्टिफिकेट
हडपसरच्या कांताबाई सोनवण्यांना बारीक वेण्या घालायला शिकवलं ते आचोलनं. ती दक्षिण सुदानहून शिकायला आलेली, त्यांच्याच वरच्या खोलीत भाड्यानं राहायची. तिचे केस दाट, घट्ट कुरळे. कांताबाईंची बोटं धरून तिनं ती आपल्याच डोक्यावर फिरवली. वर्षभरात बाईंचा हात इतका बसला, की आचोलच्या मैत्रिणीही वेण्या घालून घ्यायला यायला लागल्या.

बाईंनी त्या मैत्रिणींच्या हॉस्टेलमध्ये रविवारी वेण्या घालायला बसायची परवानगी मागितली, तेव्हा ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, "पार्लरचं सर्टिफिकेट लागेल. नियम आहे."

चोपन्नाव्या वर्षी कांताबाईंनी सहा महिन्यांचा कोर्स धरला. फेशियल शिकल्या, भुवया कोरायला शिकल्या. कुरळ्या केसांचा मात्र एकही धडा नव्हता. शेवटी त्या एकदा आचोललाच वर्गात घेऊन गेल्या. शिकवणाऱ्या कल्याणी मॅडमनी तिच्या केसांत कंगवा घातला आणि तो अडकला. कांताबाईंनी तो हलकेच सोडवला, केसांना पाणी-तेल लावलं, बोटांनी भांग पाडून वेणी धरली.

"आम्हाला शिकवाल?" मॅडमनी विचारलं.

"शिकवीन की. पण जिला नुसत्या वेण्याच घालायच्या हायेत, तिला फेशियल कशाला?"

मॅडमना ते पटलं. दिवाळीनंतर फक्त वेण्यांचा, वेगळ्या सर्टिफिकेटचा पंधरा दिवसांचा वर्ग सुरू झाला. आपल्या कोर्सचं सर्टिफिकेट दाखवल्यावर कांताबाईंना हॉस्टेलची परवानगीही मिळाली. आता रविवारी त्या तिथं बसतात, आणि कुणी मध्येच घुसली तर मान वर न करता म्हणतात, "रांग हाय, बाळा."