गारठ्याचं वावर

किन्हीराजाच्या शिवारात, नाल्याच्या वळणावर, एक एकराचा तुकडा आहे. आजूबाजूची वावरं उंचावर, हा तेवढा परातीसारखा खोल. थंडीच्या दिवसांत वरचा सगळा गारठा उताराने वाहत येतो आणि ह्या परातीत साठून बसतो. वरच्या वावरात तूर फुलांनी पिवळी असते, तेव्हा इथली तूर एका पहाटेत कढत पाणी ओतल्यासारखी काळी पडते. गावात त्याला गारठ्याचं वावरच म्हणतात. दौलतराव आणि प्रसेनजित या दोन भावांची वाटणी झाली तेव्हा हा तुकडा दोघांनाही नको होता, म्हणून तो सामाईक राहिला.

दौलतरावची बायको सुकेशनी ह्या वावराच्या बांधावरून अकरा वर्षं कामाला गेली. मालेगावच्या रस्त्यावर एक रोपवाटिका होती, तिथे ती काळ्या पिशव्यांत माती भरायची. पिशव्या भरणाऱ्या बाईला कोणी काही विचारत नाही, पण तिला दिसत सगळं असतं. दर पावसाळ्यात समुद्राकाठच्या मुलखातून ट्रकभर पाम यायचे, गुळगुळीत बुंध्याचे, चकचकीत पानांचे. मालक ते बंगलेवाल्यांना विकायचा. जानेवारीत उरलेल्यांची पानं करपायची आणि मेलेली झाडं उकिरड्यावर टाकायचं काम सुकेशनीकडे यायचं. मालक म्हणायचा, नशीब.

सुकेशनीला ते नशीब वाटत नव्हतं. ज्या सकाळी बांधावरून जाताना तिला तूर काळी दिसायची, त्याच सकाळी नाल्याकाठची शिंदीची झाडं हिरवीगार उभी असायची. शिंदी म्हणजे खजुराची रानटी बहीण, तीही पामच. रोपवाटिकेच्या फाटकाशी दोन जुने पंखा पाम होते, हातपंख्यासारख्या गोल पानांचे. त्यांनाही थंडीचं काही वाटत नसे. म्हणजे पाम थंडीत जगत नाही, हे खरं नव्हतं. कुठला पाम, एवढंच कोणी पाहत नव्हतं.

तिने पाहिलं. शिंदीची पिकली फळं नाल्यावरून ओच्यात भरून आणली, पंखा पामच्या बिया फाटकाखालून वेचल्या. फुटक्या घमेल्यांत रुजवल्या, मग पिशव्यांत लावल्या. तीन वर्षांत अंगण असं भरलं, की सासू लिलाबाईंची बाज भिंतीला टेकली.

लिलाबाई ऐंशीच्या घरातल्या. गावातली निम्मी लेकरं त्यांच्या हातची न्हालेली, त्यामुळे जिभेला लगाम घालायची त्यांना गरज पडली नव्हती. शिंदीच्या झाडातून मादक रस निघतो हे सगळ्या गावाला ठाऊक. लिलाबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "पंचशील घेतलेल्या घरात शिंदी लावून राह्यली का व? उद्या लोक गिलास घेऊन दारात येतीन."

"आई, रस काढाले झाड मोठं व्हा लागते. मी लहानपनीच इकून टाकीन."

"कोन घेते काटे इकत?"

सुकेशनी पुढची पिशवी भरायला बसली.

चौथ्या जूनमध्ये झाडं पिशव्यांत मावेनात. सुकेशनीने गारठ्याचं वावर मागितलं. नेमका त्याच रविवारी प्रसेनजित अकोल्याहून आला होता. तो तिथे एका कचेरीत नोकरीला, स्वभावाने वाईट नाही, पण रिकामी जागा दिसली की त्याला चैन पडत नसे.

"वहिनी, वीटभट्टीवाला भेटला होता. त्या वावराची माती विटेला एकदम भारी आहे म्हणतो. दोन पुरुष खोल खणू देऊ. तसंही तिथं काय होते?"

"खनल्यावर काय होईन, भाऊजी?"

"काय म्हणजे?"

"डबकं होईन. मंग लेकराइले पोहाले शिकवा."

दौलतराव मान खाजवत बसला. तो मालेगाव-शेलूबाजार रस्त्यावर जीप चालवायचा. जीपमध्ये चौदा माणसं बसवताना त्याला शब्द सुचत, धाकट्या भावापुढे सुचत नसत. शेवटी बाजेवरून निवाडा आला.

"दोन हिवाळे दे तिले. झाडं जगले तं वावर तिचं. मेले तं भट्टीवाल्याचं. आन् माह्यं आंगन मले आजच पाह्यजे."

जुलैत दोनशे चाळीस झाडं खोलगट वावरात उतरली. दिवाळीपर्यंत त्यांनी मूळ धरलं. पहिला हिवाळा लागला तसा सुकेशनीचा जीव त्या एकरात अडकला. आणि नेमकी जानेवारीत, थंडीची लाट आली त्याच आठवड्यात, तिला चार दिवस शेलूबाजारला माहेरी जावं लागलं. भावजयीचं ऑपरेशन होतं.

दौलतरावने त्या चार दिवसांत बायकोसाठी काहीतरी करायचं ठरवलं. थंडी पडली की ह्या भागात जो तो हरभऱ्यात तुषार संच लावतो. जमीन ओली असली की गारठा कमी लागतो, हे लहान पोरालाही माहीत. त्याने शेजाऱ्याकडून पाइप आणि नोझल आणले आणि सलग तीन संध्याकाळी पामांवर झिरमिर पाणी सोडलं. सुकेशनी परत आली तेव्हा त्याने आपणहून सांगितलं, "तुह्ये झाडं मी सांभाळले." झाडं हिरवी दिसत होती. तिलाही बरं वाटलं.

दहा-बारा दिवसांनी एका पंखा पामचा मधला कोंब तपकिरी दिसला. पामचा सगळा जीव त्या एका कोंबात. नवं पान तिथूनच निघतं, दुसरीकडून नाही. सुकेशनीने चिमटीत धरून हलकेच ओढला, तर तो तुपातल्या वातीसारखा अलगद हातात आला. बुडाला कुजक्या कांद्याचा वास. तिने दुसरा ओढला, तोही आला. शिंदीचे जरा चिवट, पण त्यांतलेही कितीतरी आले. दुपारपर्यंत तिच्या ओच्यात कोंबांची जुडी झाली होती.

घरी येऊन तिने ती जुडी ओसरीवर टाकली आणि भाकरी थापायला बसली. लिलाबाईंनी एक कोंब उचलला, हुंगला.

"काय झालं यायले?"

"थंडी लागली असन."

"थंडीनं असं नाई होत. नाल्यावरच्यायले लागली का थंडी?" मग त्या मुलाकडे वळल्या. "काय रे, तू पानी कुठून देल्लं?"

"वरून. हरभऱ्याले देतो तसंच."

"संध्याकाळी?"

"हो नं. थंडी होती म्हून."

लिलाबाईंनी कपाळावर हात मारला. "मेल्या, थंडीत लेकराचं डोकं भिजवते का कोनी? आंग धुवा, पाय शेका, पन टाळूवर पानी नाई. शंभर लेकरं न्हाऊ घातले म्या, एकाले सर्दी झाली नाई."

सुकेशनीचा हात भाकरीवर थांबला. नाल्याकाठच्या शिंदीला वरून पाणी कोण घालतं? कोणीच नाही. मुळाशी ओल आणि डोकं कोरडं. थंडीने कोंब मेला नव्हता. थंडीत पाणी त्याच्या पोटात साचून राहिलं होतं.

दौलतरावचा चेहरा ओल्या फडक्यासारखा झाला. तिने आरडाओरडा केला असता तर त्याला सोपं गेलं असतं. ती एवढंच म्हणाली, "जेवा. मंग मालेगावले जाऊन मोरचूद आना. चुना घरी हाय."

मोरचूद आणि चुन्याचं निळं पाणी, बुरशी लागू नये म्हणून, संत्र्याच्या बागांत सगळे जण खोडाला लावतात. सुकेशनीनेही मजुरीवर हजारो झाडांना लावलं होतं. पामच्या पोटात ते कोणी घातलेलं तिने पाहिलं नव्हतं. तरी तिने घातलं. आधी बोटाला फडकं गुंडाळून एकेका झाडाची कुजलेली खळगी आतून पुसून काढायची, लेकराचं नाक साफ करावं तशी. मग गाळलेलं निळं पाणी चमचाभर. मग भोवतालची पानं वर गोळा करून जुन्या लुगड्याच्या पट्टीने बांधायची, म्हणजे पहाटेचं दव आत उतरणार नाही. शिंदीच्या पानांच्या बुडाशी सुयांसारखे काटे असतात. तीन दिवसांत नवराबायको दोघांचेही हात कोपरापर्यंत ओरबाडले गेले. लिलाबाई बांधावर बसून लुगड्यांच्या पट्ट्या फाडत होत्या.

कापसाला जाणाऱ्या बाया थांबून हसायच्या. "काहून व सुकेशनी, शाळा काढली का? सगळ्या पोरीइले रिबिनी बांधून राह्यली!"

"हो नं. तुह्या पोराले पाठव, एखांदी पसंत पडली तं पाह्य."

हसून झाल्यावर ती पाठ फिरवून पुढच्या झाडाशी जायची. फेब्रुवारी गेला, काही नाही. मार्च निम्मा गेला. ती रोज एक-एक गाठ सोडून आत डोकावायची, बाळंतिणीच्या खोलीत डोकावावं तशी. मार्चच्या शेवटी एका शिंदीच्या खळगीत तिला हिरवं टोक दिसलं, तांदळाच्या दाण्याएवढं. तिने ते कोणाला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सहा ठिकाणी दिसलं. मग सांगितलं.

चौदा एप्रिलला प्रसेनजित जयंतीला गावी आला. दुपारी निळा फेटा तसाच ठेवून तो वावरात गेला. वीस झाडं गेली होती, बाकीच्यांत नवं पान होतं. पण प्रत्येक पहिलं पान वरून कात्रीने छाटल्यासारखं थोटकं.

"वहिनी, हे असे लुळेपांगळे निघणार का?"

"कुजलेल्यातून वाट काढून आलं ते. त्याच्या मांगचं सरळ येते."

मागचं सरळ आलं. दिवाळीपर्यंत झाडांकडे बघून पूर्वीचं काही ओळखू येईना. तरी प्रसेनजितने बोटांवर मोजून सांगितलं होतं, अजून एक हिवाळा बाकी आहे.

त्या वर्षभर दौलतरावला एक खोड लागली. जीपमध्ये बसेल त्याला तो बायकोच्या झाडांची गोष्ट सांगायचा. स्वतःची चूकही सांगायचा, आणि दर खेपेला ती थोडी मोठी करायचा. दुसऱ्या हिवाळ्यात, जानेवारीच्या सुरुवातीला, शेलूबाजारहून एक परतवाड्याकडचा माणूस जीपमध्ये बसला. नाव वीरेंद्र. चिखलदऱ्याला डोंगरावर एका हॉटेलच्या बगिच्याचं काम त्याच्याकडे होतं. दोन वर्षं त्याने बाहेरून पाम आणून लावले होते आणि दोन्ही वर्षं ते डोंगरावरच्या थंडीत मेले होते. गोष्ट ऐकून तो मालेगावपर्यंत गेलाच नाही, वाटेत किन्हीराजालाच उतरला.

दुपारचे तीन वाजले होते. तो वावरात फिरला, पानं उलटून पाहिली. "झाडं तर बढिया आहेत, बाई. हिवाळ्यात आत शेडमध्ये ठेवता का?"

"शेड कुठं दिसून राह्यलं तुमाले?"

"नाही, म्हणजे लोक सांगतात एक आणि..."

"हे पाहा भाऊ, दुपारी सगळेच झाडं चांगले दिसते. तुमाले खरं पाहाचं असन तं सकाळी साडेसहाले या. गरम कपडे घालून या."

तो आला. मफलर, कानटोपी आणि खिशात तापमान मोजायची काचेची नळी. सुकेशनी स्वेटरवर पदर घेऊन बांधावर उभी होती, बाजूला दौलतराव. परातीच्या बुडाशी गवतावरचं दव मिठासारखं पांढरं झालं होतं. पलीकडच्या वावरातली तूरसुद्धा मान टाकून उभी होती. वीरेंद्रने नळी दोन झाडांच्या मध्ये टांगली, हात काखेत घालून थांबला, मग वाकून वाचली आणि परत वाचली.

"तीन!" तो म्हणाला. "आमच्याकडे डोंगरावर असतं असं."

"आमच्याकडं खड्ड्यात असते."

त्याने एका शिंदीचा कोंब धरला. सुकेशनी म्हणाली, "वढा. लाजू नका." त्याने ओढला, जोर लावून ओढला. कोंब जागचा हलला नाही, त्याच्या बोटात काटा मात्र शिरला. तो बोट तोंडात धरून हसायला लागला.

"बाई, हे सगळे मला द्या."

"सगळे नाई. निम्मे. उरलेल्याचे बिया मले पाह्यजे पुढं. आन् एक सांगून ठेवतो, वरून पानी घालसान तं मले फोन करू नका."

दौलतराव एकदम जोरात खोकला.

पावसाळ्याच्या तोंडाशी झाडं काढायचं ठरलं. त्या दिवशी प्रसेनजित आदल्या रात्रीच येऊन राहिला होता, कोणी बोलावलं नव्हतं. गावातल्या बाया मुळाभोवतीच्या मातीचे गोळे गोणपाटात बांधत होत्या. रिबिनीवरून हसणाऱ्या त्याच. मेटॅडोर बांधाशी लागला होता. लिलाबाई सगळ्यांच्या आधी ड्रायव्हरशेजारी जाऊन बसल्या.

"आई, तुमी कुठं?"

"चिखलदऱ्याले. ते माळी लोक डोक्यावर पानी घालतीन. कोनी सांगनारं नको का?"

एवढ्यात प्रसेनजितचा फोन वाजला. त्याने नाव पाहिलं आणि उगाचच सगळ्यांकडे पाठ केली. वीटभट्टीवाला होता. बाया हातातलं काम थांबवून ऐकू लागल्या. सुकेशनी गोणपाटाची गाठ धरून तशीच बसली. दोन हिवाळे संपले होते, पण कागदावर वावर अजून दोन्ही भावांचं होतं, आणि तोंडचा शब्द फिरवायला माणसाला वेळ लागत नाही.

"नाही नाही," प्रसेनजित फोनवर म्हणाला. "ते वावर नाही देता येणार. ते आम्ही पामासाठी राखून ठेवलंय. हो, थंडीत टिकणारे. अहो, तिथली थंडीच खास आहे, असं वावर तालुक्यात दुसरं नाही. मी तर घरात पहिल्यापासून सांगत होतो."

बायांमध्ये एक हसं फुटलं आणि बांधभर पसरलं. दौलतराव खाली बघून हसत होता. मेटॅडोरच्या खिडकीतून लिलाबाई ओरडल्या, "कोन सांगत होतं रे? जरा जोरानं बोल, ऐकू नाई आलं!"

प्रसेनजितने फोन खिशात टाकला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "वहिनी," तो म्हणाला, "उद्या तलाठ्याकडे जाऊन तुमच्या नावाचा अर्ज टाकून येऊ. दादाही सही करेल, मीही करतो."

"उद्या काहून?" सुकेशनीने गाठ आवळली आणि उठून पदर खोचला. "आज जा, दोघं भाऊ. पन आधी हे झाड वर चढवा. बुडाशी धरा, भाऊजी, काटे हायत. कोंबाले हात लावाचा नाई."

दोघा भावांनी झाड उचललं. ते चांगलं जड होतं.